गणपतीला गावी जाताय? मग दातांचं एवढं बघून ठेवा

चतुर्थीच्या आधी दवाखान्यात येणारे लोक साधारण एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, एवढे गणपती जाऊ देत, मग काय ते करू." विसर्जन झालं की त्यातलेच अर्धे गाल धरून परत येतात. मी सिंधुदुर्गात दातांचा दवाखाना चालवतो आणि घरी गणपती पण आहे, त्यामुळे आरतीला टाळ घेऊन उभा असतो तेव्हा कोणीतरी काका हळूच बाजूला येतात, तोंड उघडतात, मोबाईलचा टॉर्च स्वतःच मारतात आणि म्हणतात, "जरा बघ मरे, दाढ लय ठणकता." टाळ वाजवता वाजवता मी काय बघणार? तेव्हा सांगता येत नाही ते सगळं इथे एकदाच लिहून टाकतो.

आणि आधीच सांगतो, गोड खाऊ नका असं मी म्हणणार नाही. गणपतीत कोकणात येऊन मोदक नको म्हणणाऱ्या डॉक्टरचं कोणी ऐकत नाही आणि ऐकू पण नये. मोदक खा, पातोळ्या खा, फक्त कधी आणि कसं खाताय तेवढं बघा, बाकी दात बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

निघायच्या आधी

मुंबई-पुण्याहून येणार असाल तर तिकडच्या डॉक्टरला दोन-तीन आठवडे आधी एकदा दात दाखवून या. खरंच या. कारण गावात पहिले दोन दिवस दवाखाने बंद असतात, डॉक्टरच्या घरी पण गणपती बसतो, त्याने नैवेद्य सोडून तुमची दाढ बघायला यावं अशी अपेक्षा ठेवू नका. रूट कॅनाल अर्धवट चालू असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की मी इतके दिवस गावी आहे, म्हणजे तो मधलं टेम्पररी फिलिंग जरा पक्कं भरून देईल आणि त्या बाजूने काय खायचं नाही ते पण सांगेल. रूट कॅनाल झालंय पण वर कॅप बसवायची राहिलीय, ही सगळ्यात धोक्याची अवस्था. दुखत नाही म्हणून माणूस बिनधास्त असतो आणि दाढ मात्र आतून पोकळ झालेली असते, एका कडक लाडवात उभी चिरते. अशी मुळापर्यंत चिरलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते, म्हणजे रूट कॅनालचे पैसे पण पाण्यात.

थंड पाण्याने कळ येते आणि लगेच जाते, तर तेवढी घाई नाही. कळ येऊन मिनिटभर राहते, किंवा रात्री झोपेतून उठवते, तर ती दाढ गणपतीत नक्की गोंधळ घालणार असं समजा आणि निघायच्या आधीच उपचार चालू करा.

ब्रश आणि पेस्ट हातातल्या पिशवीत ठेवा. ट्रॉली बॅगेच्या तळाशी ठेवलेला ब्रश, वर साड्या, मखराचं सामान आणि भेटवस्तू, हायवेवर रात्रभर ट्रॅफिकमध्ये अडकून सकाळी घरी पोचलेला माणूस तो शोधून काढेल का? नाही काढणार. बोटाला पेस्ट लावून फिरवेल आणि चहा मागेल.

खरा घोळ आरतीच्या फेरीत

दात किडतो कसा ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. दातांवर जो चिकट थर बसतो त्यात जंतू असतात. आपण खाल्लेली साखर, गूळ, मैदा, पोहे यातलं थोडं ते पण खातात आणि त्याचं आम्ल करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तेवढं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम सुटायला लागतं. मग आपली लाळ कामाला लागते, आम्ल निवळवते, सुटलेलं थोडंफार परत बसवते. या सगळ्याला अर्धा ते एक तास लागतो. आता एका बैठकीत पाच मोदक खाल्ले तर दातांना हा त्रास एकदाच. तेच पाच मोदक दर अर्ध्या तासाला येता-जाता एक असे खाल्ले तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही, अख्खी दुपार दात आम्लात बुडालेले. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हे तपासलं होतं. आज असला प्रयोग कोणी करू देणार नाही आणि देऊ पण नये, पण त्यातून जे निघालं ते अजून खरं आहे, जेवणासोबतची साखर कमी नडते आणि दोन जेवणांच्या मधे चघळलेली चिकट साखर भरपूर नडते.

आता आपली वाडी डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी पहिल्या घरात आरती सुरू, मंत्रपुष्पांजली झाली की तळहातावर पंचखाद्य. ते खात खात, बॅटरीच्या उजेडात गडग्याच्या कडेने पुढच्या घरी. तिथे आरती, मग साखरफुटाणे आणि पेढा. पुढच्या घरात बुंदीचा लाडू, त्याच्या पुढे कोणीतरी नवीन सून आलीय म्हणून डिशमध्ये नेवरी, लाडू, चिवडा आणि कपात चहा. वाडी मोठी असेल तर हे तीन तास चालतं, आणि या तीन तासांत एकदाही तोंड रिकामं नसतं. पोरांचं तर विचारूच नका, ती प्रत्येक घरात दोनदा हात पुढे करतात.

यावर मी स्वतःच्या घरी एक साधी गोष्ट लावून दिलीय. प्रत्येक पोराकडे एक छोटा झाकणाचा डबा. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, अगदी चिमूटभर तोंडात टाकायचा आणि बाकीचा डब्यात. शेवटची आरती झाली की घरी येऊन जेवणासोबत तो सगळा डबा एकदम संपवायचा, त्यावर भरपूर पाणी प्यायचं आणि खळखळून चूळ भरायची. प्रसादाचा मान पण राहिला आणि दातांना एकदाच त्रास. मोठ्यांना डबा घेऊन फिरायची लाज वाटते, त्यांनी खिशात स्वच्छ रुमाल किंवा कागदी पिशवी ठेवा. आणि घराघरात चहा येतो तो बिनसाखरेचा मागायला काही हरकत नाही, डायबेटिस आहे सांगा हवं तर, कोकणात कोणी पुढे चौकशी करत नाही. बरं, करतात, पण चहा मिळतो.

पंचखाद्यात दोन वस्तू सांभाळा. खडीसाखर चघळली तर दातांना बराच वेळ गोड अंघोळ, आणि कडकन फोडली तर दाढेचा कोपरा जायची भीती. दुसरी खारीक, तुकडे करताना कधी बीचा कणका आत राहतो आणि तो नेमका फिलिंगखाली येतो. घरी पंचखाद्य करत असाल तर खडीसाखर बारीक कुटून घाला आणि खारकेची पूड करा, म्हाताऱ्या माणसांना पण खाता येतं.

कुठला पदार्थ किती नडतो

उकडीचा मोदक यात सगळ्यात गरीब. मऊ, वर तूप, जेवणाच्या पानात येतो आणि गिळला की संपला. फक्त गरम गरम फोडताना आतला गूळ टाळूला चिकटून चटका देतो, तो टाळूचा फोड पुढे चार दिवस आमटी पण खाऊ देत नाही, त्यामुळे आधी कळी मोडा, वाफ जाऊ द्या, मग तुपाची धार. घावन-घाटलं, खीर, पातोळ्या या पण जेवणातल्या, यांची काळजी नको.

मग नेवऱ्या आणि करंज्या. यांचं खोबरं-साखरेचं सारण दाढेच्या खाचांत जाऊन बसतं आणि मैद्याची पारी त्याच्यावर लिंपली जाते. चिवडा, फरसाण, बिस्किटं हे लोक तिखट-खारं म्हणून निर्धास्त खातात, पण पोह्याचा नि मैद्याचा लगदा पण दातात अडकतो आणि त्यातल्या पिठाची साखर तोंडातच व्हायला लागते. म्हणजे लाडू नको म्हणून तासभर चिवड्याच्या डब्यात हात घालून बसलात तर दातांच्या दृष्टीने फार काही कमावलं नाही.

कडक मंडळी वेगळी. मालवणी खाजा, खटखटे लाडू, चिक्की. नावातच खटखट आहे म्हटल्यावर काय बोलायचं. कॅप असलेल्या, रूट कॅनाल झालेल्या, मोठं फिलिंग असलेल्या बाजूने हे चावू नका. खाजाचा तुकडा तोंडात जरा भिजू द्या. खटखट्या लाडवाचे बत्त्याने तुकडे करून ठेवले तर कोणाची जात जात नाही.

आणि सगळ्यात खतरनाक म्हणाल तर आंबापोळी नि फणसपोळी. मे महिन्यात वाळवून ठेवलेली असते, चाकरमानी आले की आजी प्रेमाने डबा उघडते आणि पोरं दिवसभर तोडून तोडून चघळतात. चिकट, आंबट आणि गोड तिन्ही एकत्र, दाढेच्या मधल्या फटीत अशी बसते की ब्रशने पण निघत नाही, तिथे फ्लॉसचा दोराच लागतो. आंबापोळी जेवणानंतर लगेच एक तुकडा, बस. डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

"आमचं सगळं गुळाचं असतं, साखर नाही" हे मला दरवर्षी ऐकवलं जातं. गुळात लोह असेल, चव तर असतेच, पण दातावरच्या जंतूंना गूळ काय नि साखर काय, दोन्हीचं ते आम्लच करतात.

कोकम सरबत आणि लिंबूसोडा याबद्दल एकच, घोट घोट करत तासभर घेऊन बसू नका, पिऊन टाका आणि वर साधं पाणी प्या. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश पण घासू नका, कवच तेव्हा थोडं मऊ झालेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या. सोलकढीला पण हाच नियम, पण ती जेवणातच असते त्यामुळे फार डोकं लावू नका.

दात हे हत्यार नाही

सोड्याच्या बाटलीचं बूच दाताने काढणारे, अख्खी सुपारी दाढेखाली फोडणारे, मखर बांधताना सुतळी आणि सेलोटेप दाताने तोडणारे, सगळे एकाच वाडीत सापडतात. अडकित्ता पानाच्या तबकात असतोच, तो वापरा. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी घरोघरी मासे नि कुर्ल्या, तेव्हा डेंगे दाताने फोडायची चढाओढ लागते. पाट्यावरचा वरवंटा कशाला आहे मग? एक हलका घाव घालून डेंगा चेचून ताटात वाढा.

तबकाचा विषय निघाला म्हणून, भजनाच्या बारीत पान-सुपारी-तंबाखू फिरत असतं आणि एरवी न खाणारा पोरगा पण त्या रात्री तंबाखूची पहिली गोळी गालात धरतो. इथे माझं मत अगदी कडक आहे, तबकात पान, बडीशेप, लवंग, वेलची ठेवा, तंबाखूचा डबा ठेवूच नका. घरच्या गणपतीसमोर यजमानाने डबा उचलून आत नेला तर कोणी भांडत नाही.

रात्रीचा ब्रश

दिवसातला एकच ब्रश शक्य असेल तर तो रात्रीचा करा, सकाळचा चुकला तरी चालेल. झोपेत लाळ खूप कमी होते, म्हणजे दाताचा राखणदारच झोपायला जातो, आणि तोंडात बुंदी अडकलेली. भजन संपलं, उसळ-पाव झाला, चहा झाला, रात्रीचे दोन वाजले, डोळे मिटतायत, कबूल. तरी दोन मिनिटं मागीलदारी उभं राहून घासा. पेस्टवर फ्लोराईड, म्हणजे दाताचं कवच पक्कं करणारं द्रव्य, लिहिलंय का ते बघून घ्या, आपल्याकडच्या नेहमीच्या पेस्टमध्ये ते १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास असतं, काही पेस्टमध्ये अजिबात नसतं. घासून झाल्यावर फेस थुंका आणि तेवढंच, लगेच पाण्याने खळखळून धुवू नका, फ्लोराईड दातावर जरा राहू दे. हे लोकांना विचित्र वाटतं, पण सवय होते.

घरात वीस माणसं आणि न्हाणीघरात एका तांब्यात सगळे ब्रश, त्यातला निळा कोणाचा यावरून दरवर्षी वाद. ब्रशला रंगीत दोरा बांधा, मखराचा उरलेला असतोच.

पोरांना सात-आठ वर्षांची होईपर्यंत स्वतः घासून द्या, त्यांच्या हातात दिलं की ती पेस्ट खातात आणि ब्रश चावतात. तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. गोड दुधाची किंवा सरबताची बाटली तोंडात देऊन झोपवू नका, पुढचे वरचे दात त्यानेच काळे पडतात.

आजी मशेरी लावत असेल तर ती चार दिवसांत सोडणार नाही, मला माहीत आहे. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू, दात साफ करायचं औषध नव्हे, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका त्याने वाढतो हे तिला कोणीतरी सांगायला हवं. नातवंडांनी गंमत म्हणून बोट लावलं तर मात्र लगेच थांबवा. राखुंडी, कोळसा, जाड मीठ यांनी दात पांढरे दिसतात ते कवच घासलं गेल्यामुळे.

तारा आणि कवळी

दातांना तारा असतील तर खाजा, चिक्की, ओल्या खोबऱ्याचे मोठे तुकडे, कणीस दाताने तोडणं, सगळं बंद. तार टोचायला लागली तर डॉक्टरने दिलेलं मेण लावा, म्हणून ते मेण सोबत आणा.

कवळीवाल्यांची गोष्ट वेगळीच असते. पंगतीत आजोबा मोदक नीट खाता यावा म्हणून कवळी काढतात, कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवतात, आणि पंगत उठली की कोणीतरी पानांबरोबर ती पण उचलून खड्ड्यात टाकतं. मग टॉर्च घेऊन केळीच्या पानांच्या ढिगात शोधाशोध. कवळीला झाकणाची डबी आणि त्यात साधं पाणी, गरम नको, वाकते. डबी देवघराशेजारच्या फळीवर, जमिनीवर नाही.

पडला, तुटला, सुजला तर

भाद्रपदात जांभ्याच्या पायऱ्या शेवाळाने अशा गुळगुळीत झालेल्या असतात की पळणारी पोरं आपटायचीच. पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर घाबरून वेळ घालवू नका, तो परत बसू शकतो. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात काही सेकंद नुसता बुडवून काढा, घासू नका, साबण नको. पोर शुद्धीत आहे, ऐकतंय, तर तो दात त्याच खळग्यात सरळ बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि डॉक्टरकडे पळा, पहिल्या अर्ध्या तासात पोचलात तर फार बरं, तास उलटला की शक्यता झपाट्याने कमी होते. कोरड्या कागदात बांधून आणलेला दात बहुतेक वाया जातो. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. उलटी झाली, शुद्ध हरपली किंवा डोक्याला मार असेल तर दाताचं नंतर, आधी हॉस्पिटल.

दाढ दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गालावर बाहेरून थंड फडकं, डोकं जरा उंच ठेवून झोपणं. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी घेतली तरी चालते, परत लागली तर सहा तासांनी, लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. याच दिवसांत कोकणात लेप्टो नि डेंग्यू असतात, त्यामुळे अंगात ताप असताना ब्रुफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. दुखऱ्या दाढेशेजारी गोळी चेपून ठेवायची नाही, हिरडी भाजते. लवंगेचं तेल कापसाला टेकवून दाताच्या खड्ड्यात ठीक, हिरडीवर ओतायचं नाही. खड्ड्यात तंबाखू भरणारे पण आहेत, त्यांना मी फक्त हात जोडतो. मेडिकलमधून "काहीतरी स्ट्राँग" म्हणून अँटिबायोटिक आणू नका, आतली कीड त्याने जात नाही, चार दिवस दबते आणि परतीच्या प्रवासात वर येते.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली पसरायला लागली, तोंड उघडेना, गिळताना त्रास, ताप, श्वास लागतोय, असं काहीही दिसलं तर मात्र विसर्जनाची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, किंवा गाडी काढून सरळ जिल्हा रुग्णालय गाठा, सणाला पण तिथली इमर्जन्सी चालू असते.

कॅप निघाली तर फेकू नका, धुवून डबीत ठेवा, तीच परत बसते बहुतेक वेळा. फेविक्विकने चिकटवू नका, हे लिहावं लागतंय कारण लोक चिकटवून येतात. फिलिंग पडलं तर त्या बाजूने चावायचं नाही, प्रत्येक खाण्यानंतर चूळ, दुखत नसेल तर मुंबईला गेल्यावर दाखवलं तरी चालेल. आणि इथेच दाखवणार असाल तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी न सांगता येऊ नका, त्या दिवशी बाकावर बसायला पण जागा नसते, आधी फोन करा.